पुराणकथेवर आधारलेली गे प्रणयमालिका: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

अर्ध्यावर अडलेलं हस्तलिखित उघडलं की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. नकाशा तयार आहे, देवांची वंशावळ तयार आहे, जादूचे चाळीस नियम लिहून झालेत. पण ज्या दोन पुरुषांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्यामध्ये नेमका अडसर कोणता हे ठरलेलंच नाही. मग प्रेमाचं दृश्य आलं की पुराणकथा थांबते आणि पुराणकथा सरकली की प्रेम ताटकळतं.

पुराणकथेतली अट आणि प्रेमातला अडसर ही एकच गाठ असायला हवी. ती गाठ सापडेपर्यंत नकाशाला हात लावू नका. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. नमुना म्हणून एकच कथा शेवटपर्यंत वापरली आहे, ग्रीक देव अपोलो आणि स्पार्टाजवळच्या अमिक्लेचा राजपुत्र हायसिंथस यांची. तुमची कथा वेगळी असली तरी क्रम हाच.

## टप्पा १: एकाच कथेचे सगळे पाठ समोर मांडा

कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: कोणी सांगितलं, काय घडलं, का घडलं, शेवटी काय उरलं. हायसिंथसच्या कथेसाठी हा तक्ता साधारण असा भरतो.

रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'च्या दहाव्या भागात अपोलो थाळी फेकतो, हायसिंथस ती उचलायला धावतो, थाळी कडक जमिनीवर आपटून उसळते आणि त्याच्या तोंडावर बसते. दोष कुणाचाच नाही. रक्तातून फूल उगवतं आणि देव त्याच्या पाकळ्यांवर 'आय आय' हा आपला विलाप कोरतो.

दुसऱ्या शतकातल्या लुशियनकडे मात्र खुनी आहे. पश्चिमेचा वारा झेफिरस हायसिंथसवर भाळलेला असतो आणि झिडकारला गेल्यामुळे तो थाळीची दिशा फिरवतो.

त्याच शतकातला प्रवासी पॉसेनियस अमिक्लेच्या देवळाचं वर्णन करतो. अपोलोच्या मूर्तीच्या चौथऱ्यातच हायसिंथसचं थडगं आहे. उत्सवात अपोलोला बळी देण्याआधी कांस्याच्या दारातून हायसिंथसला नैवेद्य जातो. चौथऱ्यावर कोरलेला हायसिंथस दाढीवाला आहे, आणि देवी त्याला व त्याची बहीण पॉलिबोइया हिला स्वर्गात नेत आहेत.

चौथी ओळ लहान आहे. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या संग्रहात थामिरिस हा गायकही हायसिंथसवर प्रेम करतो. पुढे कलांच्या म्यूझ देवतांशी गाण्याची पैज लावून तो दृष्टी आणि कला दोन्ही घालवून बसतो.

या ओळी म्हणजे वेगवेगळ्या कादंबऱ्या आहेत. ओव्हिडचा पाठ घेतला तर कादंबरी अपराधभावाची होते, लुशियनचा घेतला तर मत्सराची, आणि पॉसेनियसचा घेतला तर परतीची. कणा म्हणून एकच पाठ घ्या. दुसऱ्यातून फार तर एखादा तपशील उचला. अपोलोचा अपराधभाव आणि झेफिरसचा कट दोन्ही पूर्ण ताकदीने वापरले, तर नायक तीनशे पानं स्वतःला दोष देत राहतो आणि वाचकाला तो निर्दोष आहे हे तिसऱ्याच प्रकरणात ठाऊक असतं.

सावधान: मूळ ग्रंथात काय आहे आणि नंतरच्यांनी त्यातून काय वाचलं, हे वेगळ्या शाईने लिहा. 'इलियड'मधले वीर अकिलीस आणि पॅट्रोक्लस प्रियकर होते असं तिचा ग्रीक कवी होमर कुठेही उघड म्हणत नाही. पुढच्या काळात मात्र ते गृहीत धरलं गेलं, इतकं की प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मध्ये दोघांपैकी वयाने मोठा कोण यावर वाद घातलेला आहे. मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातला राजा गिलगामेश याला स्वप्नात आकाशातून पडलेली शिळा दिसते आणि तिच्यावर तो पत्नीवर करावं तसं प्रेम करतो. त्याचा जिवलग सोबती एन्किडू याच्या आगमनाची ही सूचना मूळ मजकुरातच आहे. महाभारताकडे वळलात, तर अर्जुनपुत्र इरावानासाठी कृष्णाने मोहिनी होऊन लग्न करणं ही तमिळ परंपरेतली गोष्ट आहे, संस्कृत महाभारतातली नव्हे. शिवाय ज्या देवतांची आजही पूजा होते, त्यांना प्रणयाचे नायक करायचं की त्यांच्या सावलीत घडलेली दोन माणसं नायक करायची, हा निर्णय याच टप्प्यावर घ्या. मालिका अर्धी झाल्यावर तो फिरवता येत नाही.

तपासणी: तुम्हाला आवडलेला तपशील कोणत्या प्राचीन ग्रंथात आहे ते सांगता येतं का? नसेल, तर तो बहुधा अलीकडच्या एखाद्या कादंबरीकाराची कल्पना आहे. पुराणकथा सगळ्यांची असते, पण कुणी तिच्यात नव्याने घातलेला प्रसंग त्या लेखकाचा असतो.

## टप्पा २: गाठ एका वाक्यात लिहा

वाक्याचा साचा ठरलेला ठेवा: 'अमुक नियमामुळे हे दोघे एकत्र येऊ शकत नाहीत, आणि तोच नियम मोडल्याशिवाय तमुक संकट टळत नाही.'

कच्चं वाक्य: 'अपोलो देव आहे आणि हायसिंथस माणूस, म्हणून प्रेम कठीण आहे.' ही नुसती परिस्थिती झाली, गाठ नव्हे.

पक्कं वाक्य: 'हायसिंथस पुन्हा जन्मला आहे, पण त्याला मागचं आठवलं की मागचा मृत्यूही त्याच्या अंगावर पुन्हा उमटू लागतो, आणि चौथऱ्याचं कांस्याचं दार बंद करायला जो मंत्र लागतो, तो फक्त त्याच्या आठवणीत आहे.'

इथे प्रेम आणि संकट वेगळे काढता येत नाहीत. अपोलोने ओळख दिली की प्रियकर धोक्यात, लपवली की सगळेच धोक्यात.

तपासणी: वाक्यातून प्रेम काढून टाका. संकट जसंच्या तसं उभं राहिलं तर गाठ सैल आहे. मग संकट काढून पाहा. दोघे दुसऱ्याच दिवशी सुखाने नांदू लागले तर ठीक. तरीही अडलेलेच राहिले, तर तुमच्याकडे दोन कथा आहेत. एक निवडा.

## टप्पा ३: शेवट आधी ठरवा

या प्रकारात सर्वांत मोठी ठेच इथे लागते. प्रणयकथेच्या वाचकाला सुखान्त हवा असतो, निदान तूर्तास तरी दोघे एकत्र आहेत इतका दिलासा हवा असतो. आणि आपल्या हाताशी असलेल्या जवळपास प्रत्येक कथेत एकजण मरतो. हायसिंथस मरतो, पॅट्रोक्लस मरतो. एन्किडू तर बारापैकी सातव्या मृत्तिकापट्टीवरच जातो आणि गिलगामेश त्याचा देह नाकातून किडा पडेपर्यंत पुरू देत नाही. दोन पुरुषांचं प्रेम म्हणजे एकाचं मरण, या जुन्या खोडीला वाचक कंटाळले आहेत.

यातून वाट काढायचे तीन मार्ग चालतात. पहिला, मृत्यू कथेच्या आधीच घडून गेलेला ठेवा आणि कादंबरी त्याच्या नंतर सुरू करा. दुसरा, प्रचलित कथा अर्धवट सांगितली गेली आहे असं दाखवा. अमिक्लेच्या कोरीवकामातला स्वर्गारोहणाचा प्रसंग त्यासाठी आयताच तयार आहे. तिसरा, मृत्यूची किंमत दुसऱ्या नाण्यात चुकवा: अमरत्व, आवाज, नाव, भविष्य पाहण्याची शक्ती. तिसरा मार्ग सर्वांत कसदार आहे, पण ती किंमत निम्म्या पुस्तकाआधी वाचकाला दिसलेली असली पाहिजे. शेवटच्या प्रकरणात अचानक सापडलेली सवलत ही फसवणूकच वाटते.

शेवटचं दृश्य आत्ताच दहा ओळींत लिहून ठेवा. पुढे बदललं तरी चालेल.

## टप्पा ४: वय आणि संमती

प्राचीन कथांमधले 'तरुण' पुष्कळदा अल्पवयीन मुलगे आहेत, आणि ट्रॉयचा राजपुत्र गॅनिमीड याला देवांचा राजा झ्यूस चक्क पळवून नेतो. ते जसंच्या तसं आणायचं नाही. दोन्ही नायक प्रौढ असले पाहिजेत आणि ते नुसत्या आकड्याने नव्हे, जगण्यातून कळलं पाहिजे: हाताशी काम, स्वतःचे निर्णय, मागचं एखादं नातं. अमिक्लेचा दाढीवाला हायसिंथस इथे पुन्हा कामाला येतो. प्राचीन शिल्पकारानेच त्याला मोठा केला आहे.

देव आणि माणूस यांच्या बळात फरक असतोच. तो नाकारू नका, त्याचं दृश्य करा. पहिल्या चुंबनाआधी माणूस एकदा स्पष्ट 'नाही' म्हणतो आणि देव खरोखर मागे सरतो, असा एक प्रसंग लागतो.

नेहमीची चूक: 'तू मागच्या जन्मी माझाच होतास.' पुनर्जन्माच्या प्रणयात हे वाक्य प्रेमळ समजून टाकलं जातं, पण ऐकणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. न घेतलेल्या कर्जाची वसुली आहे ती. हे वाक्य हवंच असेल तर खलपात्राच्या तोंडी द्या.

## टप्पा ५: अमानवी शक्तीचे नियम, तीन ओळींत

चाळीस नियम नकोत. प्रत्येक शक्तीसाठी तीन ओळी पुरतात: काय करता येतं, काय कधीच करता येत नाही, केल्यावर काय गमवावं लागतं. तिसरी ओळ रिकामी राहिली तर ती शक्ती कथेतून काढून टाका.

नियम शक्यतो मूळ सामग्रीतूनच उचला, मग ते उपरे वाटत नाहीत. स्मृती आणि पुनर्जन्माबद्दल ग्रीकांकडे भरपूर माल आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात आत्मे पुन्हा जन्मण्याआधी विस्मृतीच्या मैदानावरचं पाणी पितात. प्रत्येकाने ठरावीक मापच प्यायचं असतं, पण ज्यांना विवेक नसतो ते मापाबाहेर पितात. आणि दक्षिण इटलीतल्या हिप्पोनियोन इथे मिळालेल्या, सुमारे इ.स.पू. ४०० च्या सोन्याच्या पत्र्यावर मृताला सूचना आहेत: पांढऱ्या सायप्रस झाडाजवळच्या झऱ्याकडे फिरकू नकोस, पुढे स्मृतीच्या सरोवराशी जा, राखणदारांना सांग की मी पृथ्वीचा आणि तारांकित आकाशाचा पुत्र आहे.

यातून आपल्या नमुन्याचे नियम असे निघतात. स्मृतीचं पाणी प्यायलं की मागचा जन्म आठवतो. दुसऱ्याला फसवून पाजलं तर आठवत नाही, स्वतः मागावं लागतं. प्रत्येक घोटाबरोबर या जन्मातली एक आठवण जाते. बघा, तिसऱ्या नियमाने प्रेमकथेचा प्रश्न आपोआप उभा केला: आज ज्याच्यावर जीव जडला, त्याला आठवायचं की कालच्याला?

## टप्पा ६: मालिकेचा आकार

दोनच आकार आहेत. एकच जोडी सगळ्या पुस्तकांभर, किंवा दर पुस्तकाला नवी जोडी आणि पाठीमागे एक समान संकट. पहिल्यात दर पुस्तकाच्या सुरुवातीला जोडी पुन्हा तोडण्याचा मोह होतो, आणि दुसऱ्या पुस्तकात निव्वळ गैरसमजावर तुटलेली जोडी वाचक माफ करत नाही. एकाच जोडीची मालिका तीन पुस्तकांपलीकडे ताणू नका. पुढे जायचं असेल तर दुसरा आकार घ्या.

आपल्या नमुन्यात दुसरा आकार सहज बसतो. पहिलं पुस्तक अपोलो आणि हायसिंथसचं. दुसरं झेफिरसचं. तिसरं किपारिसोसचं; ओव्हिडच्या त्याच दहाव्या भागात तो आपलं लाडकं हरीण चुकून मारतो, कायमचा शोक मागून घेतो आणि अपोलोच्या डोळ्यांदेखत सायप्रसचं झाड होतो. सोन्याच्या पत्र्यावरच्या टाळायच्या झऱ्यापाशी सायप्रस का, याचं उत्तर तिसऱ्या पुस्तकासाठी राखून ठेवता येतं.

सावधान: झेफिरससारख्या खुन्याला पुढे नायक करायचं असेल, तर पहिल्या पुस्तकात किमान तीन ठिकाणी त्याची पेरणी हवी. एकदा तो काहीतरी न करता थांबतो, एकदा त्याचं खरं दुःख दिसतं, एकदा तो किंमत मोजतो. आणि त्याने केलेला खून पुसायचा नाही. पुसलात तर पहिल्या पुस्तकाचाच पाया गेला.

## टप्पा ७: पहिल्या पुस्तकाची आखणी

८०,००० शब्दांचं पुस्तक धरू. दृश्य १,२०० ते २,००० शब्दांचं, म्हणजे साधारण पन्नास दृश्यं. खुणा अशा लावा:

१. पहिल्या ८,००० शब्दांत भेट. दोघेही पानावर हवेत.
२. २०,००० च्या आसपास एकत्र राहण्याचं कारण, जे दोघांनाही टाळता येत नाही.
३. मध्यावर, ४०,००० पाशी, जवळीक आणि गाठीचा खरा अर्थ एकाच दृश्यात उघड.
४. ६०,००० ते ६४,००० दरम्यान ताटातूट. कारण गैरसमज नव्हे. कुणीतरी डोळस निवड करतो.
५. शेवटच्या ८,००० मध्ये किंमत चुकती होते आणि दोघे एकत्र येतात. मालिकेचं संकट उरतं, जोडीचा प्रश्न सुटतो.

पाचव्या खुणेत उलटं केलं जातं: संकट सुटतं आणि जोडी पुढच्या पुस्तकासाठी लटकत ठेवली जाते. असं करू नका.

## टप्पा ८: भाषा

दोन 'तो'. 'त्याने त्याचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.' कुणी, कुणाचा, कुणाच्या? स्त्री-पुरुष प्रणयात 'तो' आणि 'ती' हे ओझं उचलतात, इथे ती सोय नाही. उपाय मराठीतच आहेत. कर्त्याच्या स्वतःच्या वस्तूला 'आपला' लावा: 'त्याने आपला हात अपोलोच्या खांद्यावर ठेवला.' ज्याच्या नजरेतून दृश्य दिसतं त्यालाच 'तो' ठेवा आणि दुसऱ्याचं नाव घ्या. जिथे क्रियापद पुरेसं बोलतं तिथे सर्वनाम गाळा: 'मान वळवली. डोळे मिटले.' प्रथमपुरुषी निवेदनात, 'मी' आणि 'तो', हा प्रश्न निम्मा संपतो. फक्त प्रकरणागणिक 'मी' बदलत असेल तर पहिल्या दोन ओळींत कोण बोलतंय ते कळू द्या.

'सोनेरी केसांचा पुरुष', 'उंच तरुण' अशी बिरुदं लावून सुटका करून घेऊ नका. मिठीत असलेला माणूस प्रियकराला 'उंच तरुण' वाटत नसतो.

तू, तुम्ही, आपण. माणसाने देवाला 'तुम्ही' म्हटलं की आदराऐवजी कचेरी आठवते, कारण मराठी अभंगांपासून देवाला 'तू'च म्हणत आली आहे. 'अहो अपोलो' तर वाचकाला थेट संसारात नेऊन बसवेल. माणूस देवाला देव म्हणून ओळखत नाही तोवर 'तुम्ही', ओळख पटली की 'तू', असा उलटा प्रवास करून पाहा. तो बदल कोणत्या दृश्यात होतो ते वहीत लिहा आणि नंतर चुकूनही मागे जाऊ नका.

नावं. ग्रीक की रोमन, एकच ठरवा: झ्यूस असेल तर ज्युपिटर नको, हेराक्लीस असेल तर हर्क्युलिस नको. नमुन्यात हायसिंथस हे रूप रूढ म्हणून घेतलं आहे. तुम्ही ह्याकिंथॉस घ्यायचं ठरवलंत तर बाकी सगळी नावंही ग्रीक वळणाचीच हवीत. विभक्तीही ठरवून टाका, 'हायसिंथसला' की 'हायसिंथसाला'. परकी नावं सामान्यरूप न करता वापरलेली बरी दिसतात.

फूल. हायसिंथचं भाषांतर 'जलकुंभी' केलेलं आढळतं. ती पाण्यावर पसरणारी, दक्षिण अमेरिकेतली वेगळीच वनस्पती. आणि आजच्या बागेतल्या हायसिंथच्या पाकळ्यांवर 'आय आय' अशी अक्षरंही नसतात. नाव सोडा, फुलाचं वर्णन करा.

शृंगार. एका टोकाला संस्कृत समासांची आरास, दुसऱ्या टोकाला शिवीवजा शब्द. दोन्हींनी दृश्य मरतं. अवयवांच्या नावांपेक्षा कृती लिहा: श्वास, पकड, थांबणं, विचारणं. निवेदनात 'समलैंगिक' हा शब्द वैद्यकीय अहवालासारखा वाजतो. प्राचीन काळातल्या पात्रांच्या तोंडी 'गे'ही नको, तिथे 'प्रियकर', 'सखा', 'जोडीदार' पुरतात. आजच्या शहरातलं पात्र मात्र स्वतःला गे म्हणेल, म्हणू द्या.

## टप्पा ९: मालिकेची वही

पहिलं पुस्तक लिहितानाच भरा. नंतर भरू म्हणणाऱ्यांना दुसऱ्या पुस्तकात डोळ्यांचे रंग शोधत बसावं लागतं. वहीत पाच पानं पुरे: नावांची रूपं, शक्तींच्या तीन-तीन ओळी, कालपट, कुणाला कोणतं गुपित कधी कळलं, कोण कुणाला कधीपासून 'तू' म्हणतं. यातलं चौथं पान सर्वांत जास्त वाचवतं. अमर पात्रांना शेकडो वर्षांचं ठाऊक असतं आणि लेखक ते विसरतो.

## टप्पा १०: तीन वाचनं, तीन वेगळे वाचक

खर्डा झाल्यावर दोन आठवडे बाजूला ठेवा. मग तिघांना द्या आणि प्रत्येकाला एकच काम सांगा. पुराणकथा न जाणणाऱ्याने फक्त कुठे गोंधळ झाला त्याच्या खुणा करायच्या. ती कथा नीट जाणणाऱ्याने पाठांची सरमिसळ शोधायची. तिसरा वाचक गे पुरुष असावा. त्याला नाती खरी वाटतात का एवढंच विचारा आणि उत्तर येताच बचाव सुरू करू नका.

तिघांनीही एकाच पानावर खूण केली असेल तर ते पान दुरुस्त करू नका. बहुधा दुसऱ्या टप्प्यातलं वाक्यच तिथे सुटलेलं असतं. ते काढून समोर ठेवा आणि ते दृश्य कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा.